परीक्षेची भीती आणि सवलतीचा सराव
लेखमाला : अध्ययन अक्षमता आणि शाळा – भाग सहावा

परीक्षेची थोडी भीती सगळ्यांनाच वाटते आणि माफक प्रमाणात ती अभ्यासाला उपकारकच ठरते, असे शिक्षक आणि पालक नेहमी सांगतात, आणि ते चुकीचेही नाही. मात्र हे माफक प्रमाण सर्व मुलांसाठी एकच असते असे गृहीत धरले, की अध्ययन अक्षमता असलेल्या मुलावर अन्याय होतो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते, की काम जितके अवघड, तितकी उत्तेजनाची हितकर पातळी खालची असते. म्हणजे सोप्या कामात जो ताण चालना देतो, तोच अवघड कामात आड येतो. पुढे माणसांच्या बाबतीतही वापरले गेलेले हे निरीक्षण येथे महत्त्वाचे आहे, कारण प्रश्न वाचणे आणि उत्तर कागदावर उतरवणे या ज्या गोष्टी वर्गातील बहुतेक मुलांना दहावीपर्यंत काम म्हणूनही जाणवत नाहीत, त्याच या मुलांसाठी अवघड कामे असतात. त्यामुळे शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याला जी धडधड सावध करते, तीच या मुलाची गाडी रुळावरून उतरवू शकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात तो नव्हता. बोललेली किंवा लिहिलेली भाषा ग्रहण करण्याच्या प्रक्रियेतील उणिवेमुळे वाचन, लेखन, शुद्धलेखन किंवा आकडेमोड यांत येणारी अडचण असा तिचा ढोबळ अर्थ असून वाचनाशी निगडित प्रकाराला डिस्लेक्सिया, लेखनाशी निगडित प्रकाराला डिस्ग्राफिया आणि गणनेशी निगडित प्रकाराला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात; पालकांच्या बोलण्यात या सर्वांसाठी ‘एलडी’ एवढाच शब्द असतो. अशा मुलाची बुद्धिमत्ता कमी असते असे नाही. येथे पनवेल परिसरापुरता एक इशारा आवश्यक आहे. या तालुक्यातील अनेक मुलांची घरची बोली आगरी किंवा कातकरी असते, खारघर-कामोठ्यासारख्या वसाहतींत ती दुसऱ्या राज्यातून आलेली भाषाही असते, आणि पुस्तकी मराठीशी किंवा इंग्रजीशी होणाऱ्या या मुलांच्या झटापटीलाही घाईघाईने एलडी म्हटले जाण्याचा धोका असतो. घरची भाषा वेगळी असणे ही अक्षमता नव्हे; पण त्याचबरोबर, बोलीवर बोट ठेवून खऱ्या अक्षमतेकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होणे हेही तितकेच घातक आहे.

परीक्षेच्या भीतीचे दोन घटक रॉबर्ट लीबर्ट आणि लॅरी मॉरिस यांनी १९६७ साली वेगळे केले. एक शरीराचा : छाती धडधडणे, तळहाताला घाम येणे, पोटात गोळा येणे. दुसरा विचारांचा : ‘मला जमणार नाही, बाई रागावतील, घरी काय सांगू’ हे मनात चाललेले चक्र. परीक्षेतील कामगिरीला अधिक बाधा पोचते ती या दुसऱ्या घटकाने, असे नंतरच्या संशोधनातून दिसत आले आहे. याचे कारण कार्यरत स्मृतीत आहे. वाचलेले क्षणभर धरून ठेवून त्यावर विचार करण्याची मनाची जी मर्यादित जागा असते, तिला कार्यरत स्मृती म्हणतात, आणि काळजीचे विचार याच जागेत ठाण मांडतात.

हे प्रत्यक्ष प्रश्नपत्रिकेवर पाहता येते. ‘वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ हा प्रश्न सरावलेला वाचक अक्षर अक्षर न लावता एका नजरेत ओळखतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मात्र ‘वै’च्या दोन मात्रा निरखाव्या लागतात, ‘शि’ची वेलांटी ‘श’च्या आधी लिहिलेली असली तरी नंतर उच्चारायची हे आठवावे लागते, आणि मग ष, ट, य या तीन व्यंजनांचे एकात एक गुंतलेले जोडाक्षर सोडवून त्यावर पुन्हा मात्रा लावावी लागते. हा सगळा खर्च त्याच मर्यादित जागेतून होतो, आणि शब्दाच्या शेवटापर्यंत पोचेतो कशाची वैशिष्ट्ये विचारली होती हे निसटते. अशा वेळी काळजीने उरलीसुरली जागाही व्यापली, तर पाठ असलेले उत्तर आठवत नाही. पेपर संपल्यावर घरी तेच मूल ते उत्तर घडाघडा सांगते, आणि ‘येत होतं तर लिहिलं का नाहीस?’ हा प्रश्न त्याला ऐकावा लागतो.

या मुलांमधील चिंता केवळ स्वभावातून आलेली नसते, हे लक्षात घेणे उपाययोजनेच्या दृष्टीने कळीचे आहे. जेसन नेल्सन आणि हॅना हारवुड यांनी २०११ साली ५८ अभ्यासांचा एकत्र विचार करून असा निष्कर्ष काढला, की अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांमध्ये चिंतेची लक्षणे इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात. पहिलीपासून चाचणी, घटक चाचणी, सहामाही अशा प्रत्येक परीक्षेत कष्ट आणि गुण यांचा मेळ बसत नाही असा अनुभव ज्याच्या वाट्याला आला, त्याने पुढच्या परीक्षेला घाबरणे ही अनुभवावरून काढलेली रास्त अटकळ आहे. म्हणून ‘घाबरू नकोस’ या सांगण्याचा उपयोग होत नाही. परीक्षा देण्याची रीतच बदलून कष्टांना गुण मिळतात असा नवा अनुभव पुन्हा पुन्हा दिला, तरच ती अटकळ बदलते.

रीत बदलण्याची सोय महाराष्ट्रात केंद्रीय कायद्याच्या २० वर्षे आधीपासून आहे. १९९६ साली राज्य शासनाने अशा विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या, आणि त्यामागे मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या संस्थांतील बालरोगतज्ज्ञांचे, तसेच त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनसारख्या संघटनांचे काम होते. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित, कॅल्क्युलेटरची मुभा अशा या सवलती मुलाच्या अडचणीच्या प्रकारानुसार मिळतात. २०१६ च्या कायद्याचे १७ वे कलम जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावाने उल्लेख करते, तर १६ वे कलम ही अक्षमता लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकते. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जादा वेळ तासाला किमान २० मिनिटे असावा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

पनवेल रायगड जिल्ह्यात असून राज्य मंडळाच्या मुंबई विभागात मोडते, आणि विभागीय मंडळाचे कार्यालय वाशीला म्हणजे जवळच आहे. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत तेथे जातो. अडचण त्याच्या आधीच्या, म्हणजे तपासणी आणि प्रमाणपत्राच्या टप्प्यावर येते. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे पेण-वडखळमार्गे बरेच दूर असल्याने पनवेलच्या पालकांना हार्बर मार्गाची लोकल पकडून गुरू तेगबहादूर नगरला उतरणे आणि तेथून शीव रुग्णालय गाठणे पुष्कळदा सोयीचे वाटते. तपासणी एका फेरीत होत नाही : दृष्टी आणि श्रवण, बालरोगतज्ज्ञांची तपासणी, बुद्ध्यंक चाचणी आणि विशेष शिक्षकाकडून होणारे शैक्षणिक मूल्यमापन असे तिचे भाग असतात आणि त्यांच्या तारखा वेगवेगळ्या लागू शकतात. ज्या पालकाची एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी असते, त्याच्यासाठी या फेऱ्या साध्या नव्हेत, आणि मूल्यमापनाची ही सोय पनवेलमध्येच उपलब्ध व्हावी ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. केंद्राच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून देता येते आणि १४ व्या व १८ व्या वर्षी फेरतपासणी होते. तरीही पुष्कळ मुले प्रथमच तपासणीला नेली जातात ती नववीच्या निकालानंतर किंवा थेट दहावीत.

या उशिराचे सर्वांत मोठे नुकसान असे, की सवलत हाती पडते, पण ती वापरण्याचा सराव करायला वेळ उरत नाही; आणि सराव न केलेली सवलत स्वतःच भीतीचे नवे कारण होते. लेखनिकाचेच उदाहरण घ्यावे. आजवर जसे जमेल तसे स्वतः लिहिणाऱ्या मुलाला एकाएकी खालच्या इयत्तेतील अनोळखी विद्यार्थ्याला उत्तर तोंडी सांगावे लागते. वाक्य मनात पूर्ण जुळवून मगच बोलायचे, लिहिणाऱ्याच्या वेगाशी वेग राखायचा, नवा परिच्छेद कोठे हे सांगायचे, आकृतीला नावे द्यायला लावायची, लिहिलेले परत वाचून घ्यायचे, आणि हे सर्व एका वेगळ्या खोलीत. ही स्वतंत्र कौशल्ये आहेत आणि ती शिकवावी लागतात. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने लेखनिक दिला, तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याची भेट होऊ द्यावी, असे २०१८ च्या सूचनांत म्हटले होते. पण दोन दिवसांत ओळख होते, सवय होत नाही.

जादा वेळेचेही तसेच आहे. ११ वाजता सुरू झालेला तीन तासांचा पेपर इतरांसाठी संपल्याची घंटा होते, व्हरांड्यात पावले वाजू लागतात, ‘कितवा प्रश्न सोडवलास?’ असे आवाज खिडकीतून आत येतात, आणि त्या गलबल्यात या मुलाला पुढचा तासभर बसायचे असते. ती घंटा आपली नव्हे हे ज्याला आधी कोणी सांगितलेले नसते, ते मूल हातातला प्रश्न अर्धा टाकून उठते. दुसरे एखादे मूल वेळ भरपूर आहे म्हणून पहिल्या दोन प्रश्नांतच रेंगाळते. पूर्वी पेपर सुरू होण्याआधी दहा मिनिटे प्रश्नपत्रिका हाती मिळत असे. २०२३ पासून मंडळाने ती दहा मिनिटे शेवटी दिली आहेत. सावकाश वाचणाऱ्या मुलाला आरंभीच्या शांत वाचनाचा मोठा आधार होता, म्हणून आता जादा वेळेतील पहिली दहा मिनिटे केवळ वाचनासाठी राखण्याची सवय त्याला मुद्दाम लावली पाहिजे.

हा सराव नववीच्या पहिल्या सत्रात सुरू करता येतो, आणि कायद्यातील तरतूद पाहता शालेय परीक्षांतही याच सवलती देणे शाळेला शक्य आहे. प्रत्येक घटक चाचणी त्याच लेखनिकासह, त्याच जादा वेळेत आणि शक्य तर वेगळ्या खोलीत घेतली, तर दहावीच्या पेपरपर्यंत ती पद्धत अंगवळणी पडते. त्याबरोबर गुण न मोजल्या जाणाऱ्या छोट्या तोंडी चाचण्या आठवड्यातून दोनतीनदा घेणे फार उपयोगी ठरते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली दाखवून दिले, की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारून आठवण्याने ज्ञान अधिक काळ टिकते; या मुलांच्या बाबतीत त्याचा दुसरा फायदा असा, की चाचणी या गोष्टीशी जोडलेली अपमानाची आठवण हळूहळू सैल होते. प्रश्नपत्रिकेत नेहमी येणारे कारणे द्या, फरक स्पष्ट करा, टिपा लिहा, योग्य पर्याय निवडा हे शब्दप्रयोग तर वेगळे काढून ते एका नजरेत ओळखता येईपर्यंत घोटून घ्यावेत. कार्यरत स्मृतीच्या त्या मर्यादित जागेतील खर्च कमी करण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

भीतीवर थेट काम करणारे उपाय या पायावर उभे राहिले तरच टिकतात. शरीराच्या घटकासाठी सावकाश उच्छ्वास हा सोपा उपाय आहे : श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ घेतला, की हृदयाची गती उतरते, आणि डिस्ग्राफिया असलेल्या मुलाची पेनवरची घट्ट मूठही थोडी सैलावते. विचारांच्या घटकाबाबत जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांचा २०११ मधील प्रयोग प्रसिद्ध आहे. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातील काळजी कागदावर उतरवणाऱ्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांची कामगिरी त्यात सुधारलेली दिसली. मात्र ज्या मुलाला लिहिणे हाच त्रास, त्याला परीक्षेपूर्वी दहा मिनिटे लिहायला लावणे अविचाराचे होईल. त्याने हेच एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाशी बोलावे, आणि ऐकणाऱ्याने मध्ये उपदेश करू नये.

सवलत मिळाली म्हणून वर्गमित्र ‘फुकटचे मार्क’ म्हणून हिणवतात, तेव्हा मूल लेखनिक नाकारते आणि स्वतःच लिहीन असा हट्ट धरते, हे शिक्षकांनी गंभीरपणे घ्यावे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय ठराविक टक्क्यांच्या दिव्यांगत्वापुरती मर्यादित नाही असे ठरवले, आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला अवनी प्रकाश या डिस्ग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला ‘नीट’ परीक्षेत जादा तास नाकारला गेला, हा तिच्यावरील अन्याय असल्याचे मान्य केले. फेरपरीक्षेचा आदेश न्यायालयाने दिला नाही. गेलेला तास नंतर भरून देणे किती कठीण असते हे त्यातून कळते. म्हणून शाळेने मंजुरीच्या पत्राची प्रत केंद्रसंचालकांकडे आधी पोचवावी, पर्यवेक्षकाला त्या मुलाची वेळ नेमकी किती वाजता संपते हे लेखी कळवावे आणि दुसरी प्रत प्रवेशपत्राबरोबर मुलाच्या हाती द्यावी. परीक्षाकेंद्र बहुधा दुसऱ्याच शाळेत असते, तेव्हा आदल्या दिवशी पालकांनी मुलाला तेथे नेऊन फाटक, खोली आणि स्वच्छतागृह दाखवून आणणे इष्ट. आणि पेपर सुटल्यावर, पुढचा पेपर होईपर्यंत, उत्तरे जुळवत बसू नये.