‘अलबेला’तला ट्रम्पेटवाला

गेल्या अनंत चतुर्दशीला पवई तलावाच्या वाटेवर विसर्जनाच्या मिरवणुकीत आमची रिक्षा चांगली अर्धा तास अडकून पडली. पुढे बँडवाले ‘अलबेला’तली चाल वाजवीत होते. आमच्या सौभाग्यवतींनी बोटांनी ताल धरला, आणि मी मास्तरकीच्या सवयीने परीक्षा घेतली, “संगीत कुणाचं?”

“सी. रामचंद्रांचं! एवढंही ठाऊक नसायला काय झालं?”

“आणि ट्रम्पेट कुणाचा?”

यावर उत्तर आले नाही. दोष त्यांचा नव्हे. मलाही ते नाव चाळिशीनंतर कळले. आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशातले हळदोणे. मुंबईने मात्र त्यांना ‘चिक चॉकलेट’ याच नावाने ओळखले.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. हेतू प्रार्थनेचा, पण त्या विद्येवर कित्येक गोवेकरांनी मुंबईत पोट भरले. चिक ताजमहाल हॉटेलात आपला बँड घेऊन जाझ वाजवीत. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. ट्रम्पेट तसाच, घोगरा आवाज तसाच! लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत.

पुढे साहेब गेला, १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, आणि हॉटेलांतल्या नाचगाण्याची रया गेली. वादकांची पावले सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळली. तिथे अण्णांना, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांना, अशाच माणसांची गरज होती.

हे काम चालायचे कसे, ते पाहण्याजोगे आहे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल सांगणार. आपल्या संगीतात स्वर एकामागून एक येतात; तिकडे तीन-चार स्वर एकाच वेळी उभे राहतात. तेव्हा त्या चालीखाली कोणते स्वर ठेवायचे, सॅक्सोफोन कुठे उठवायचा, ट्रॉम्बोन कुठे घुमवायचा, हे ठरवून प्रत्येक वादकाचा कागद निराळा लिहावा लागे. चिकसारख्या साहाय्यकांची विद्या इथे कामी येई. ध्वनिमुद्रण सगळ्यांचे एकदम. एकाचा सूर चुकला की गायकासकट साऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून!

चाल अण्णांची, यात शंका नाही. पण महाभारत व्यासांचे म्हणताना आपण लेखनिक गणपतीला विसरत नाही. मग या लेखनिकाने काय घोडे मारले? चित्रपटाच्या नामावलीत ‘साहाय्यक’ हा शब्द इतका झटकन सरकतो, की चष्मा पुसेपर्यंत नाहीसा होतो.

चिकनी ‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) यांना स्वतंत्र संगीतही दिले. त्या चित्रपटांची आठवण आज फारशी कुणी काढीत नाही. १९६७ च्या मे महिन्यात, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते गेले.

एक गोष्ट मात्र बरी झाली. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांच्या एका गाण्यात चिक आणि त्यांचे वादक खुद्द पडद्यावर दिसतात, झालरीच्या सदऱ्यांत. त्या रात्री घरी पोहोचल्यावर आम्ही ते गाणे मुद्दाम लावले. सौभाग्यवती दारातूनच जरा वेळ पाहत होत्या. मग पुढे येऊन म्हणाल्या, “थांबवा हो जरा. यातले ते कोणते?”