लष्करी ट्रकची प्रतिकृती : जुळणी आणि रंगकाम

आपल्या हस्तकला-कक्षातील काचेच्या कपाटात दोन लहान लष्करी ट्रक उभे आहेत. एक सरळ उभा आहे. दुसऱ्याचे पुढचे एक चाक जमिनीला टेकत नाही. जामसरला येणारे पाहुणे पहिल्याचे कौतुक करतात. हा लेख मात्र मुख्यतः दुसऱ्याने शिकविलेल्या गोष्टींविषयी आहे.

सुटे भाग जोडून वाहन उभे करणे हा केवळ छंद नव्हे. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे कारखाना सुरू केला, तेव्हा पेट्यांतून आलेले सुटे भाग जुळवूनच तेथे मोटारी आणि ट्रक तयार होत असत. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने माझगाव येथे विलीज जीपगाड्यांची जुळणी याच रीतीने केली. आमच्या हाती आलेला संच त्याच जनरल मोटर्सच्या, दुसऱ्या महायुद्धातील अडीच टनी ट्रकचा होता : तीन आस, दहा टायर आणि मागे ताडपत्रीचा हौदा.

संचाचे प्रमाण १:३५ असे होते. म्हणजे जवळपास सात मीटर लांबीचा ट्रक येथे वीस सेंटिमीटरांत बसतो आणि १७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस पाच सेंटिमीटरांचा होतो. हे प्रमाण प्रत्येक टप्प्यावर ध्यानात ठेवावे लागते. चाकांवर चिखल दाखविण्यासाठी मुलांनी मैदानातील माती आणली, तेव्हा आम्ही हिशेब केला : एक मिलिमीटरचा खडा या ट्रकच्या जगात साडेतीन सेंटिमीटरांचा दगड ठरतो. म्हणून माती कापडातून दोनदा गाळून घेतली.

जुळणीचा पहिला नियम असा, की काहीही कापण्यापूर्वी सूचनापत्रक अखेरपर्यंत वाचावे. साच्यातून निघालेल्या भागांवर तेलकट थर असू शकतो, म्हणून ते साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावेत. भाग चौकटीतून पिळून तोडू नयेत. कटरने किंचित अंतर राखून कापावेत आणि उरलेला उंचवटा बारीक पॉलिश कागदाने घासावा. प्रत्येक जोड आधी कोरडाच बसवून पाहावा. या कामाचा पातळ द्राव चिकटवत नाही; तो प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. त्यामुळे चूक झाल्यास जोड सुटत नाही. द्रावाची वाफ अपायकारक असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सर्वांत जपण्याचा भाग म्हणजे सांगाडा. त्यात केसभर पीळ राहिला तरी सहा ठिकाणची चाके एका पातळीत येत नाहीत. पहिल्या ट्रकच्या वेळी स्नेहसंमेलन जवळ आले होते आणि मी मुलांना घाई करू दिली. सांगाडा ओला असतानाच आस बसविले. दोष ध्यानात आला तेव्हा जोड पक्के झाले होते. दुसऱ्या वेळी सांगाडा सपाट काचेवर ठेवून, वर पुस्तकांचे वजन देऊन रात्रभर वाळू दिला. तो भाग आता ट्रकखाली झाकलेला आहे; पण ट्रक सरळ उभा आहे तो त्याच्यामुळेच.

रंगकामाचे मर्म आमच्या मुलांना सांगावे लागले नाही. वारली चित्र काढण्यापूर्वी भिंत सारवून गेरूने लिंपतात, मगच तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ उठते, हे ती घरीच पाहत आली आहेत. येथेही आधी अस्तराचा राखाडी थर, मग लष्करी हिरव्या रंगाचे पातळ थर. एक जाड थर कोरीव तपशील बुजवितो. तीन पातळ थर तो राखतात. जव्हारच्या पावसाळ्यात हवा इतकी ओलसर असते, की फवाऱ्याचा रंग पांढुरका पडतो. म्हणून हे काम दिवाळीनंतर करावे. शेवटी खाचांत पातळ गडद रंग सोडावा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळाव्यात.

आपल्या शाळेत लष्करी वाहन कशासाठी, असे एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना मुलांना या ट्रकचा इतिहास सांगितला. १९४४ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या वाहतूकदलाचे ट्रक रात्रंदिवस इंधन, अन्न आणि दारूगोळा आघाडीला पोहोचवीत होते. त्यांचे सुमारे तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय अमेरिकन होते. ज्या सैन्याचा पुरवठा त्यांच्यावर अवलंबून होता, त्याच सैन्यात त्यांना गोऱ्यांपासून वेगळ्या तुकड्यांत ठेवले जाई. हा भेद संपविण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ साली काढला.

वर्गात काही वेळ शांतता होती. मग सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, मग गाडीत बसवायच्या चालकाचा चेहरा कोणत्या रंगाने रंगवायचा?” सूचनापत्रकात त्यासाठी गोऱ्या कातडीचा रंग सांगितला होता. मुलांनी तपकिरी रंगात थोडा काळा मिसळला आणि चालक रंगविला.

पाहुण्यांनी कपाटापाशी थोडे वाकून पुढच्या काचेतून आत पाहावे. तो तेथे बसलेला दिसेल.