क्लब नव्हे, पलटण

बीड जिल्ह्यातून राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर पोहोचलेल्या खेळाडूंच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर खेळ निरनिराळे असूनही त्यांच्या वाटचालीत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते, ती अशी की त्यांच्या उमेदीच्या वर्षांचा भार खेळातल्या कमाईने नव्हे, तर सैन्य, पोलीस किंवा रेल्वे यांच्या पगाराने, आणि तो मिळेपर्यंत त्याच्या आशेने, उचललेला असतो. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे यांची कारकीर्द हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. तिचे वेगळेपण नीट लक्षात येण्यासाठी जगातल्या अगदी उलट टोकाच्या एका वाटेकडे आधी पाहणे उपयोगाचे ठरते, आणि ती वाट म्हणजे उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या आक्रमक खेळाडूची, म्हणजेच फॉरवर्डची.

आइस हॉकीत एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फावर असतात आणि त्यांपैकी मधला एक व दोन्ही बगलांचे दोन असे तिघे फॉरवर्ड गोल करण्याची मुख्य जबाबदारी सांभाळतात. कॅनडातील होतकरू फॉरवर्ड सोळाव्या-सतराव्या वर्षी कुमार लीगमध्ये खेळू लागतो आणि अठराव्या वर्षी नॅशनल हॉकी लीगच्या वार्षिक निवडीला पात्र ठरतो. या निवडीत ३२ संघ सात फेऱ्यांत मिळून २२४ खेळाडूंवर आपला हक्क नोंदवतात. निवड झाली म्हणजे लगेच मुख्य संघात जागा मिळते असे नाही. बहुतेकांना दुय्यम लीगमध्ये काही वर्षे घासून निघावे लागते, अनेकांची वाट तिथेच संपते, आणि जे वर पोहोचतात त्यांतलेही कित्येक जण उतारवयात स्वीडन, फिनलंड किंवा स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये आणखी काही हंगाम काढतात. तरीही या शिडीची प्रत्येक पायरी कोणत्या ना कोणत्या क्लबने बांधलेली असते, आणि मुख्य लीगमध्ये २०२३-२४च्या हंगामात खेळाडूचे किमान वेतनच ७ लाख ७५ हजार डॉलर होते. या व्यवस्थेचा गाभा वयात आहे. अठराव्या वर्षापर्यंत जो कोणाच्या नजरेस पडला नाही, त्याला वर चढण्याच्या वाटा फार थोड्या उरतात.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी जन्मलेले साबळे अठराव्या वर्षी कोणाच्याही नजरेत नव्हते. आई-वडील शेती आणि वीटभट्टीवरची मजुरी करणारे, गाव दुष्काळी पट्ट्यातले, आणि शाळेला जायला गाडीची सोय नसल्याने सहा किलोमीटरचे अंतर रोज पायी किंवा पळत कापावे लागे. या पळण्याचे नंतर वर्तमानपत्रांतून बरेच कौतुक झाले. परंतु मराठवाड्यातील असंख्य मुले आजही असेच अंतर तुडवतात आणि त्यांतून धावपटू होत नाहीत, हे लक्षात घेतले तर शाळेच्या रस्त्याला फार श्रेय देण्याचे कारण उरत नाही. श्रेय द्यायचे तर ते बारावीनंतरच्या सैन्यभरतीला द्यावे लागेल, आणि त्या भरतीमागे ऑलिंपिकचे स्वप्न नव्हते, घराला हातभार लावणारा पगार होता.

महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाल्यावर साबळे यांनी २०१३-१४ मध्ये सियाचीन हिमनदीवर, त्यानंतर राजस्थानच्या वाळवंटात आणि पुढे सिक्कीममध्ये साध्या जवानाची ड्युटी केली. २०१५ मध्ये ते सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री शर्यतींत, म्हणजे ट्रॅकऐवजी माळरान, चढ-उतार आणि चिखलातून पळण्याच्या स्पर्धेत, उतरले. या शर्यती पलटणींच्या प्रतिष्ठेचा विषय असतात. तुकडीतला जो जवान दमाने पळतो त्याला उस्ताद लोक हेरतात, पलटणीच्या संघात घेतात, आणि तिथे चमकला तर तो सेनादलाच्या मोठ्या संघापर्यंत जातो. मैदानी खेळांचे क्लब आणि लीग नसलेल्या देशात एकविसाव्या वर्षी स्पर्धेला प्रारंभ करणाऱ्या माणसाला शोधून काढणारी यंत्रणा ही एवढीच होती. मधल्या काळात दुखापतीमुळे सराव सुटला आणि वजन ७६ किलोपर्यंत गेले. ते तीन महिन्यांत २० किलोने उतरवून साबळे पुन्हा पळू लागले आणि सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना स्टीपलचेसकडे वळवले.

या शर्यतीचे स्वरूप येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. तीन हजार मीटरच्या अंतरात पुरुष धावपटूला ९१.४ सेंटिमीटर उंचीचे २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी पार करावी लागते. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला की अडथळा आडवा होतो. स्टीपलचेसचा अडथळा म्हणजे जड लाकडी तुळई असते आणि ती हलत नाही, त्यामुळे अंदाज चुकला तर पडतो तो धावपटूच. पाण्याच्या उडीत अडथळ्याला लागून ३.६६ मीटर लांबीचा हौद असतो, त्याचा तळ अडथळ्याजवळ खोल आणि पुढे चढत गेलेला असतो, म्हणून जो जितका लांब झेप घेईल तितके त्याला कमी पाणी तुडवावे लागते. बहुतेक धावपटू तुळईवर एक पाय रोवून स्वतःला पुढे लोटतात. दमसास, लय आणि घोळक्यात धक्काबुक्की सोसण्याची तयारी या तिन्ही गोष्टी लागणारा हा प्रकार अनेक दशके केनियाची मक्तेदारी होता, तो उगाच नव्हे.

भारतातील या शर्यतीचा राष्ट्रीय विक्रम गोपाळ सैनी यांनी १९८१ मध्ये ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत नोंदवलेला होता आणि तो ३७ वर्षे टिकला. साबळे यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ देऊन तो मोडला. पुढच्या वर्षी दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक शर्यतीत इतर धावपटूंच्या पडझडीमुळे त्यांची वाट अडली, भारतीय महासंघाने दाद मागितल्यावर त्यांना अंतिम फेरीत जागा मिळाली, आणि तिथे त्यांनी ८ मिनिटे २१.३७ सेकंदांची नोंद करून तेराव्या क्रमांकासह टोकियो ऑलिंपिकची पात्रता गाठली. १९५२ मधील गुलझारा सिंग मान यांच्यानंतर या शर्यतीत ऑलिंपिकला जाणारा भारतीय पुरुष झाला नव्हता, आणि हे अंतर बीडमधील तीन पिढ्यांच्या आयुष्याएवढे आहे. टोकियोत अंतिम फेरी हुकली. पाठोपाठ अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे उंचीवरचा सराव सुरू झाला. समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी हवेत प्राणवायूचा दाब कमी असल्याने शरीर तांबड्या रक्तपेशी वाढवते आणि खाली उतरल्यावर त्यांचा लाभ होतो, हे त्यामागचे तत्त्व आहे.

त्याचे फळ २०२२ मध्ये दिसले. मे महिन्यात पाच हजार मीटरचा बहादूर प्रसाद यांचा १९९२चा विक्रम गेला, आणि ६ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळेसह रौप्यपदक आले. सुवर्ण जिंकणारे केनियाचे अब्राहम किबिवोत आणि साबळे यांच्यात ०.०५ सेकंदाचे अंतर होते. १९९८ ते २०१८ या काळातील प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती, त्यामुळे या रौप्याचे मोल सोन्याहून फारसे कमी मानता येत नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ८ मिनिटे १९.५० सेकंद या स्पर्धाविक्रमासह सुवर्ण आणि पाच हजार मीटरमध्ये रौप्य मिळाले. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यांनी वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आणली, आणि महिन्याभराने त्याच शहरात ऑलिंपिकची स्टीपलचेस अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. तिथे त्यांचा अकरावा क्रमांक आला. भुवनेश्वर ते पॅरिस या सहा वर्षांत राष्ट्रीय विक्रम जवळजवळ वीस सेकंदांनी खाली आला होता.

आता पैशाचा हिशेब मांडता येईल. डायमंड लीग ही मैदानी खेळांतील सर्वांत प्रतिष्ठेची मालिका. परंतु साबळे तिथे उतरत होते त्या वर्षांत तिच्या नेहमीच्या टप्प्यात शर्यत जिंकणाऱ्याला दहा हजार डॉलर मिळत आणि पाचव्या-सहाव्या क्रमांकाला त्याचा किरकोळ हिस्सा. आइस हॉकीतल्या सर्वांत कमी पगाराच्या फॉरवर्डची एका हंगामाची कमाई मिळवायला अशा अठ्ठ्याहत्तर शर्यती जिंकाव्या लागतील, आणि स्टीपलचेसचा धावपटू वर्षाकाठी मोजक्याच शर्यती पळू शकतो. केंद्र सरकारच्या टार्गेट ऑलिंपिक पोडियम योजनेतून मुख्य गटातील खेळाडूला दरमहा ५० हजार रुपये भत्ता आणि परदेशी सरावाचा खर्च मिळतो, पण ही योजना खेळाडू आधीच वर पोहोचल्यावर हात देते. पायथ्यापासून तिथपर्यंतची वर्षे सैन्याच्या पगारपत्रकावर निघाली. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीशी पडून साबळे यांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाला गंभीर इजा झाली आणि तो हंगाम हातचा गेला, तेव्हाही सैन्यातली नोकरी जागेवर होती. क्लबच्या कराराला मुदत असते.

कुस्तीची तऱ्हा थोडी निराळी आहे. पाटोद्याचे राहुल आवारे पुण्यात आधी हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्या हाताखाली घडले. तालमीतल्या पोराचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, हा घरच्यांच्या खिशाला बसणारा चटका असतो आणि त्याची भरपाई जत्रेच्या फडातल्या इनामातून जमेल तशी होते. आवारे यांनी २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ मध्ये नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य जिंकले. ६१ किलो हा गट ऑलिंपिकमध्ये नाही, हे त्यांचे दुर्दैव. राज्य सरकारने त्यांना पोलीस उपअधीक्षक केले. म्हणजे साबळे यांना नोकरीने खेळ दिला आणि आवारे यांना खेळाने नोकरी, परंतु हिशेबाची वही दोन्हीकडे सरकारचीच.

क्लबच्या शिडीशी साधर्म्य असलेली वाट आज मुख्यतः क्रिकेटमध्ये आहे, आणि तीही नवीच. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर कसोटी खेळले ते रेल्वेच्या संघातून वर येऊन. उलट २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४ बाद ३२ अशी अवस्था असताना येऊन ९६ धावा करणारा बीडचा सचिन धस याच्यापुढे वयोगटाचे संघ, राज्याचा संघ आणि लिलाव अशी पायऱ्यांची रांग दिसते. इतर बहुतेक खेळांतील मुलांना ती दिसत नाही. गंमत म्हणजे भारतात आइस हॉकीही याच नियमाला धरून आहे. लडाखच्या खेळाडूंखेरीज हा खेळ मुख्यतः सैन्य आणि भारत-तिबेट सीमा पोलीस यांच्या संघांवर उभा आहे.

त्यामुळे बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत पहाटे रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या मुलांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ही मुले १६०० मीटरची तयारी करत असतात, कारण राज्य पोलिसांच्या मैदानी चाचणीत तेच अंतर आहे आणि सैन्याच्या चाचणीतही जवळपास तेवढेच. सैन्यात वर्षानुवर्षे साडेपाच मिनिटांच्या आत येणाऱ्याला पूर्ण ६० गुण मिळत आले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलांसाठी हीच एक स्पर्धा अशी आहे की तिला बूट नसले तरी चालते आणि निकालावर घर चालते. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असले तरी त्यासाठी आधी प्रमाणपत्र लागते, आणि बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी त्या सवलतीची अब्रूही बरीच घालवली आहे. घड्याळाला मात्र खोटे प्रमाणपत्र दाखवता येत नाही.

या भरतीचे रूपच २०२२ मध्ये बदलले. अग्निपथ योजनेनुसार जवान, म्हणजे अग्निवीर, चार वर्षांसाठी घेतले जातात आणि त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत जवानांनाच पुढे कायम केले जाते. साबळे सियाचीनवर होते ते २०१३-१४ मध्ये, क्रॉस कंट्रीत आले २०१५ मध्ये आणि राष्ट्रीय विक्रम केला २०१८ मध्ये. चार वर्षांची मुदत त्यांच्या वेळी असती, तर ती विक्रमाच्या आधीच संपली असती आणि कायम होणाऱ्या चौथ्या हिश्श्यात त्यांचा नंबर लागला असता की नाही, हे सांगता येत नाही. पदके मिळवून आलेल्या खेळाडूंना सैन्यात थेट हवालदार किंवा नायब सुभेदार म्हणून घेण्याची तरतूद आहे, आणि पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या संस्था लहान वयातील मुलांना निवडून घडवतात. परंतु भरतीच्या दिवशी साबळे यांच्याकडे पदक नव्हते आणि ते लहानही नव्हते. उशिरा उमलणाऱ्या ग्रामीण जवानासाठी या दोन्ही तरतुदींच्या मध्ये जागा उरलेली नाही. पलटणीच्या संघात पोहोचलेल्या अग्निवीराला खेळासाठी आणखी चार वर्षांची मुदत देण्याचा नियम केंद्र सरकारने करावा, आणि मराठवाड्याच्या खासदारांनी ही मागणी संसदेत मांडावी.