वर्गातला संगणक अडू नये म्हणून

आज पुष्कळ शाळांतून संगणक आहे, भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर आहे. आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी तो कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे. शिक्षक आळशी म्हणून? मला तसं वाटत नाही. तासिका पस्तीस मिनिटांची. त्यातली पंधरा यंत्र सुरू करण्यात गेली, मुलं गलका करू लागली, की तो शिक्षक पुन्हा त्या वाटेला जात नाही. खडूफळ्यानं त्याला असा दगा कधी दिलेला नसतो.

तेव्हा संगणक कोणत्या कंपनीचा घ्यावा, हा प्रश्न जरा मागं ठेवा. आधी भिंतीतली वीज पाहा. आपल्याकडे ती २३० व्होल्टची असायला हवी. खेड्यात मात्र दिवसातून बरीच वरखाली होते. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला, की ते नावापुरतंच उरतं. बादलीभर पाण्याचं काम, पण ते सांगितलेलं कुणाला नसतं!

आता बॅटरीचा हिशेब करू. प्रोजेक्टर २०० वॅट आणि संगणक ५० वॅट धरा, म्हणजे २५० झाले. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-अवर असतात. पण ती दर खेपेला तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची. त्यातलं थोडं इन्व्हर्टर खातो. हाती उरतात सुमारे ७५०, म्हणजे तीन तास. पाच तासिका निभावल्या, वाईट नाही. काही ठिकाणी बॅटरी वाचावी म्हणून प्रोजेक्टर सरळ भिंतीच्या विजेवर ठेवतात. ही काटकसर महाग पडते. दिवा तापलेला असताना वीज गेली तर पंखाही थांबतो, आणि दिव्याचं आयुष्य घटतं.

इंटरनेटचं म्हणाल तर त्यावर तासिका टांगू नये. धडा आदल्या दिवशी उतरवून ठेवावा. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अॅपमध्ये तशी सोय आहे. २०१२ मध्ये इंग्लंडात निघालेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक तर पाच-दहा वॅटवर चालतो आणि साठवलेले धडे वर्गापुरते बिनतारी पुरवू शकतो. एक मात्र सांभाळा: चालू असताना त्याची वीज तोडली तर त्याचं मेमरी कार्ड बिघडू शकतं.

आणि दुरुस्ती? केरळानं २०१८ च्या सुमारास ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप-प्रोजेक्टर बसवले. नुसते बसवून थांबले नाहीत. शिक्षक तयार केले, आणि माध्यमिक शाळांतल्या मुलांची ‘लिटल काइट्स’ ही मंडळं उभी केली. सैल वायर ओळखायला तालुक्याहून माणूस कशाला हवा? आठवीतली दोन चुणचुणीत मुलं निवडा. यंत्राजवळ एक वही टांगा. कोणत्या दिवशी काय बंद पडलं, कशानं सुरू झालं, तेवढंच त्यांना लिहू द्या. बटणांच्या फळ्याचं झाकण मात्र वायरमननंच उघडायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.