मानसशास्त्राची पदवी घेतली, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. कला शाखा घेणाऱ्या मुलाने किंवा मुलीने मानसशास्त्र विषय निवडला, की आईवडिलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘हे शिकून डॉक्टर होता येते का?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे नेमके उत्तर वेळेवर न मिळाल्याने अनेकांची तीन-चार वर्षे चुकीच्या अपेक्षेत जातात.

उत्तर असे, की मनोविकारतज्ज्ञ होण्यासाठी आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण लागते. औषधे लिहून देण्याचा अधिकार या डॉक्टरांचा. मानसशास्त्रज्ञाची वाट वेगळी. ती बी.ए.च्या वर्गातून सुरू होते. मात्र तेथे संपत नाही.

अमेरिकेत अनेक विद्यार्थी पहिली दोन वर्षे घराजवळच्या कमी खर्चाच्या ‘कम्युनिटी कॉलेज’मध्ये शिकतात आणि मग विद्यापीठात जातात. आपल्याकडे त्याच्या जवळची व्यवस्था म्हणजे संलग्न महाविद्यालय. १८८०मध्ये सुरू झालेले राजाराम कॉलेज, शाहू महाराजांच्या काळात १९०१पासून उभी राहिलेली वसतिगृहे आणि १९६२मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ, यांमुळे खेड्यातल्या मुलाला घरापासून फार लांब न जाता शिकण्याची सोय या भागात पूर्वीपासून आहे. एसटीचा पास काढून तालुक्याच्या गावी पदवी घ्यायची आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी शहर गाठायचे, हा क्रम येथे नवा नाही.

पदवीच्या वर्गात काय मिळते?

मन समजून घेण्याची शिस्त. स्मरण, अवधान, अध्ययन यांवरचे छोटे प्रयोग करावे लागतात. समान लांबीच्या दोन रेषा डोळ्यांना लहान-मोठ्या का दिसतात, हे मोजून पाहावे लागते. मध्यमान, प्रमाण विचलन काढावे लागते. गणिताला कंटाळून कला शाखेत आलेल्यांची येथे गाठ पुन्हा आकड्यांशी पडते. पण त्याशिवाय एखादी चाचणी विश्वासार्ह आहे की नाही, हे ठरवताच येत नाही.

चाचणीला भाषाही लागते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात धारवाड परिसरात बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कन्नड आणि मराठी रूपांतर केले. ‘बिने-कामत’ या नावाने ती पुढे अनेक दशके वापरात राहिली. मुलाला प्रश्नच कळला नाही, तर चुकलेले उत्तर बुद्धीचे की भाषेचे, हे सांगता येत नाही. म्हणूनच या भागातली बोली जाणणारे मानसशास्त्रज्ञ या भागातूनच तयार होणे महत्त्वाचे आहे.

शिडीची अवघड पायरी

बी.ए. किंवा एम.ए. झाले म्हणजे रुग्णावर उपचार करण्याची परवानगी मिळाली, असे नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता लागते. आजवर त्याचा मुख्य मार्ग म्हणजे एम.ए.नंतरचा दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. त्यात वरिष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करावे लागते. हा भाग पुस्तकातून येत नाही. समोरच्याच्या बोलण्यातली आत्महत्येची सूचना ओळखणे किंवा थकव्यामागे नैराश्य आहे की थायरॉइड, अशी शंका घेऊन रुग्णाला डॉक्टरकडे पाठवणे, हे अनुभवी डोळ्यांसमोरच शिकता येते.

सध्या ही पायरी बदलत आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाले. चिकित्सा मानसशास्त्रापुरती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६पर्यंतच्या प्रवेशांना मुभा दिली. त्यामुळे आता पदवीला बसणाऱ्याने ‘दादाने केले तसेच करू’ असे न म्हणता परिषदेची मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी दरवर्षी पाहावी.

आणखी दोन बदल महत्त्वाचे. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतल्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येते. शिवाय मिळवलेले श्रेयांक ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहत असल्याने संस्था बदलणे पूर्वीपेक्षा सोपे होऊ शकते. दुसरा बदल मात्र अडचणीचा आहे. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राच्या नव्या प्रवेशांना आयोगाने मनाई केली. प्रत्यक्ष सरावाचा विषय म्हणून त्यात तथ्य आहे. पण शेती किंवा नोकरी सांभाळून घरून शिकू पाहणाऱ्यांसाठी एक दार बंद झाले. चंदगड-आजऱ्याकडच्या विद्यार्थिनीसाठी जवळच्या महाविद्यालयातला मानसशास्त्राचा वर्ग त्यामुळे अधिकच मोलाचा ठरतो.

गरज मोठी, माणसे थोडी

निम्हान्सने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनी पंचगंगेकाठची घरे बुडाली. चिखल आठ-पंधरा दिवसांत उपसता येतो. नदीची पातळी वाढल्याचे कळताच उडणारी झोप तशी उपसता येत नाही.

पदवीपाशी थांबणाऱ्यांचे शिक्षण वाया जाते, असेही नाही. शिक्षण, समाजकार्य, मनुष्यबळ विकास या क्षेत्रांत ते उपयोगी पडते. फक्त आपल्या मर्यादेची पाटी स्वच्छ हवी. मदत शोधणाऱ्या कुटुंबानेही समुपदेशकाला पात्रता आणि नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नये. पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे नाव तपासता येते. जवळ कोणीच नसेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.

‘हे शिकून डॉक्टर होता येते का?’ याचे उत्तर नकारार्थी असले, तरी विषय घेऊ नये असा त्याचा अर्थ नाही. प्रवेश अर्जावर विषय लिहिण्याआधी पदवीनंतरची पाच वर्षे, त्यांचा खर्च आणि घर सोडून शिकण्याची तयारी, यांचा हिशेब घरात एकत्र बसून मांडावा, एवढेच.