सर्व्हर तर चालू आहे, मग साइट का उघडत नाही?

हा भाग गाडीत ऐकताना पायऱ्या हरवतात असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून हे लिखित रूप. बोलण्यातलं थोडं गाळलंय, थोडं जोडलंय.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. पहिली नोकरी, सहा महिने झालेत. "दादा, सर्व्हर रनिंग दाखवतोय, सगळे चेक हिरवे आहेत, पण साइट उघडतच नाही. चार वेळा डिलीट करून नवा बनवला, तरी तेच. सोमवारी सरांना दाखवायचंय." वेळ शुक्रवारी रात्री साडेअकराची. पोरगा अगदी रडकुंडीला आला होता.

मी त्याला आधी एवढंच सांगितलं: पाचवा डिलीट करू नकोस. काय बिघडलं ते त्या चारही सर्व्हरनी लिहून ठेवलं होतं, आणि यानं चारही वह्या न वाचता फेकून दिल्या होत्या.

आता हे हिरवे चेक काय सांगतात ते बघू. समजा तुम्ही पुण्यात भाड्यानं खोली घेतली. मालकानं चावी दिली, दिवा लागतो, नळाला पाणी आहे. मालकाचं काम झालं. पण गॅस आला का, गादी आली का, वायफाय लागलं का, ते मालक बघत नाही. क्लाउड कंपनीचा हिरवा चेक म्हणजे मालकाचं "दिवा लागतो". मशीन उठलं, नेटवर्क कार्ड उत्तर देतंय, बस्स. तुम्ही सांगितलेलं सामान आत लागलं की नाही, याच्याशी त्या चेकचा संबंध नाही.

सामान लावणाऱ्याचं नाव क्लाउड-इनिट. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीनं हे ॲमेझॉनच्या ईसीटूसाठी सुरू केलं, पायथनमध्ये लिहिलेलं आहे, आणि आज जवळपास प्रत्येक मोठ्या क्लाउडवरच्या लिनक्समध्ये ते असतं. सर्व्हर पहिल्यांदा सुरू झाला की ते आधी आपण कुठल्या क्लाउडवर आहोत ते ओळखतं. मग बहुतेक ठिकाणी १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर जाऊन विचारतं, "माझं नाव काय? कुणाची चावी लावू? मालकानं चिठ्ठी दिलीय का?" ती चिठ्ठी म्हणजे सर्व्हर बनवताना आपण जो युजर डेटा पेस्ट करतो तो. ईसीटूवर तिला १६ केबीची मर्यादा आहे, म्हणजे अख्खा संसार त्यात कोंबता येत नाही.

वही वाचायला आत जावं लागतं, आणि बरेच जण तिथेच अडतात. एसएसएच केल्यावर काय दिसतं ते नीट बघा. नुसतंच थांबून राहिलं आणि शेवटी टाइमआउट आला, तर बहुतेक वेळा सिक्युरिटी ग्रुप, रूट किंवा पब्लिक आयपी यांतलं काहीतरी चुकलंय. चिठ्ठीला दोष देण्याआधी ते तपासा. लगेच "परमिशन डिनाइड, पब्लिक की" आलं तर उलट चांगली बातमी आहे. दार आहे, आत कुणीतरी आहे, फक्त तुमची चावी किंवा नाव चुकलं. उबंटूच्या इमेजवर युजर असतो उबंटू, ॲमेझॉन लिनक्सवर ईसीटू-युजर. ही अदलाबदल मी आजही करतो. आणि आत जाणं जमलंच नाही, तर बाहेरून खिडकी आहे: ॲमेझॉनवर सिस्टम लॉग, अझूरवर बूट डायग्नॉस्टिक्स, गूगलवर सीरियल पोर्टचं आउटपुट. क्लाउड-इनिट जे बडबडतं त्यातलं बरंचसं तिथे उमटतं.

आत गेलात की पहिली कमांड: क्लाउड-इनिट स्टेटस, पुढे डबल डॅश लाँग. रनिंग आलं तर अजून काम चालू आहे, चहा घ्या. पॅकेजं अपडेट करायला सांगितली असतील तर काही मिनिटं सहज जातात. एरर आलं तर कारणही खाली छापलेलं असतं. खरी पंचाईत होते ती डन आलं की.

कारण डन म्हणजे सगळं नीट झालं असं नाही. चिठ्ठीत रन-सीएमडीखाली दहा कमांड लिहिल्या, तर क्लाउड-इनिट त्यांची एक साधी शेल स्क्रिप्ट बनवून चालवतं. त्यातली तिसरी कमांड पडली तरी चौथी चालते, पाचवी चालते, आणि स्क्रिप्टचा निकाल ठरतो शेवटच्या कमांडवरून. शेवटी कुणी "सेटअप पूर्ण" असं छापणारा एको लिहिला असेल (आणि लिहितातच!), तर तो कधी पडत नाही. मग सगळं कोसळलेलं असतानाही निकाल पास. बॅश स्क्रिप्ट देत असाल तर वरती सेट डॅश ई लिहा, म्हणजे पहिल्या चुकीलाच ती थांबेल आणि स्टेटस खरं बोलेल. नव्या आवृत्त्यांमध्ये डन झालं पण वाटेत इशारे आले, तर डिग्रेडेड असा शब्द दिसतो आणि कमांडचा एक्झिट कोड २ येतो. तो दिसला तर सोडून देऊ नका.

म्हणून स्टेटसनंतर वह्या उघडायच्या. दोन आहेत, दोन्ही व्हार फोल्डरच्या लॉगमध्ये. क्लाउड-इनिट डॉट लॉग ही त्याची स्वतःची डायरी, लांबलचक आणि कंटाळवाणी. क्लाउड-इनिट-आउटपुट डॉट लॉग म्हणजे तुमच्या कमांडनी जे काही छापलं ते. आधी दुसरी उघडा. आणि एक सवय लावून घ्या: शेवटची चूक नाही, पहिली चूक शोधा. शेवटी लिहिलेलं असतं की इंजिनएक्सला फोल्डर सापडलं नाही. लोक रात्रभर इंजिनएक्सच्या मागे लागतात. वर चाळीस ओळींवर गिट क्लोन पडलेलं असतं, म्हणून फोल्डरच नव्हतं.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आधीच्या एका नोकरीत आमच्या एका ग्राहकाचा सेल सकाळी दहाला सुरू होणार होता. रात्री ऑटोस्केलिंगची चाचणी घेतली, तर नवा सर्व्हर उठायचा, काही मिनिटांनी मरायचा, मग पुढचा उठायचा. तोच कोड हातानं चालवला की एकदम व्यवस्थित. लॉग बघायला आत जावं, तोवर सर्व्हरच गायब! लोड बॅलन्सर हेल्थचा पत्ता विचारत होता, तिथे ४०४ येत होतं, म्हणून ऑटोस्केलिंग ग्रुप त्याला आजारी ठरवून काढून टाकत होता. त्या ग्रुपमध्ये टर्मिनेट ही प्रक्रिया तात्पुरती स्थगित करता येते, हे मला पहाटे तीनला कळलं. ती थांबवली, एक सर्व्हर जिवंत राहिला, आणि आउटपुटच्या लॉगमध्ये एक ओळ सापडली: गिट म्हणत होतं, होम सेट नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये गिट कॉन्फिग ग्लोबल अशी ओळ होती. हातानं चालवताना आपण लॉगिन केलेलं असतं, त्यामुळे होम फोल्डर ठरलेलं असतं. पण क्लाउड-इनिट लॉगिन करत नाही. त्याच्याकडे तुमची बॅशआरसी नाही, तुम्ही वाढवलेला पाथ नाही, आणि आमच्या बाबतीत होमसुद्धा नव्हतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला होम म्हणजे रूटचं फोल्डर एवढं सांगितलं आणि सर्व्हर टिकला. सेल वेळेवर सुरू झाला. मी मात्र त्या दिवशी दुपारी डेस्कवर झोपलो.

"माझ्या हातून चालतं, आपोआप चालत नाही" असं झालं की पहिला संशय या वातावरणाच्या फरकावर घ्या. त्याचाच एक भाऊ आहे: हो की नाही विचारणाऱ्या कमांड. रात्री उठणाऱ्या सर्व्हरसमोर वाय दाबायला कुणी बसलेलं नसतं, म्हणून ॲप्ट-गेटला डॅश वाय द्यायचं. दुसरा भाऊ पॅकेजच्या कुलपाचा. उबंटू उठल्या उठल्या स्वतःचे सुरक्षा अपडेट लावायला लागतो, त्याच वेळी तुमची स्क्रिप्ट पॅकेज टाकायला जाते, आणि डीपीकेजीचं कुलूप दुसऱ्याकडे आहे म्हणून पडते. कधी होतं, कधी होत नाही, त्यामुळे माणूस वेडा होतो. ॲप्टला कुलपासाठी थोडा वेळ थांबायला सांगता येतं, तसं सांगा.

विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर असतं, त्यामुळे बॅशच सापडत नाही असा अजब निरोप येतो. प्रायव्हेट सबनेटमध्ये नॅट नसेल तर इंटरनेटच नाही, मग पॅकेजं कुठून येणार? आणि राइट-फाइल्सनं फाइल लिहून तिची मालकी नव्या युजरला देत असाल, तर लक्षात ठेवा, फाइल आधी लिहिली जाते आणि युजर नंतर तयार होतो. त्या फाइलला डिफर ट्रू लावलं की ती शेवटी लिहिली जाते.

चिठ्ठी दुरुस्त केली तरी रीबूटनं ती परत चालत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं. क्लाउड-इनिट इन्स्टन्सचा आयडी लक्षात ठेवतं, आणि तोच आयडी दिसला की बहुतेक कामं "झालेली आहेत" म्हणून सोडून देतं. त्यामुळे चाचणीच्या सर्व्हरवर क्लाउड-इनिट क्लीन, पुढे डबल डॅश लॉग्ज द्यायचं. चिठ्ठी बदलायची असेल तर ईसीटूवर त्यानंतर सर्व्हर थांबवा, युजर डेटा बदला, मग सुरू करा. याआधी जुने लॉग उतरवून घ्या, कारण ते पुसले जातात. सर्व्हरच्या होस्ट कीजसुद्धा नव्यानं बनतात, त्यामुळे एसएसएच तुम्हाला घाबरवेल. खऱ्या ग्राहकांच्या डेटाबेसवर हा प्रयोग करू नका, प्लीज.

लॉग ग्रुपवर टाकण्याआधी त्यात पासवर्ड नाही ना, ते बघा. मुळात चिठ्ठीत पासवर्ड लिहूच नका. त्या १६९ वाल्या पत्त्यावरून सर्व्हरमधला दुसरा प्रोग्रामही ती वाचू शकतो.

आता आपला श्रोता. शनिवारी सकाळी त्यानं पाचवा सर्व्हर तसाच ठेवून डायरीतली एक इशाऱ्याची ओळ पाठवली. क्लाउड-इनिट म्हणत होतं की ही चिठ्ठी कुठल्या प्रकारची आहे तेच मला कळत नाही. मी म्हटलं, पहिली ओळ दाखव. हॅश होतं, मग एक मोकळी जागा, मग क्लाउड-कॉन्फिग. ती मोकळी जागा नको! आपल्याला ती ओळ साधी कमेंट वाटते, पण क्लाउड-इनिट त्या ओळीवरूनच चिठ्ठी ओळखतं, आणि त्यात हॅशला चिकटूनच शब्द हवा.

"पण दादा, ती जागा मी नाही घातली," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्याचाच मेसेज: घातली होती त्यानंच. त्यांच्या ऑफिसात यॅमल फाइली यॅमललिंटमधून तपासतात. ते हॅशनंतर जागा नसली की कुरकुर करतं. यानं आज्ञाधारकपणे जागा घातली, कुरकुर थांबली, आणि चिठ्ठीच रद्द झाली. यॅमललिंटमध्ये तेवढा नियम बंद करता येतो. शिवाय क्लाउड-इनिट स्कीमा ही कमांड फाइल सर्व्हरवर जाण्याआधीच तपासते, आणि मल्टिपास वापरलं तर तीच चिठ्ठी आपल्या लॅपटॉपवरच्या उबंटूला देऊन बघता येते, फुकटात.

सहाव्या सर्व्हरला साइट उघडली. रविवारी त्यानं स्क्रीनशॉट पाठवला. आधीचे पाच बंद केलेस ना, बिल चालू असतं, असं विचारलं तर म्हणाला, "चार केलेत. पाचवा ठेवलाय, त्याचा लॉग अजून पूर्ण वाचून झाला नाही."