सूर्याच्या पोटांतील लोखंड

सूर्याच्या पृष्ठभागापासून निघालेला प्रकाश आपल्या अंगणांत सुमारें ८ मिनिटांत पोंचतो, हें आपण शाळेंत शिकतों. परंतु तीच शक्ति सूर्याच्या गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंत यावयास हजारों वर्षें लागतात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. याचें कारण असें कीं, वाटेंतील द्रव्य किरण शोषून घेतें व पुन्हां बाहेर टाकतें. द्रव्याच्या या किरण अडविण्याच्या गुणास अपारदर्शकता म्हणतात.

कंदिलाच्या कांचेवर थोडीशी काजळी धरली तरी प्रकाश किती मंदावतो! सूर्यांत लोखंडाचें काम असेंच आहे. त्याचें वजन सूर्याच्या वजनाच्या हजारांत सुमारें एक भाग. तरीही केंद्रापासून त्रिज्येच्या ७१ टक्के अंतरावर, जेथें उष्णतामान २० लक्ष अंशांहून अधिक आहे, तेथील एकंदर अपारदर्शकतेचा सुमारें चौथा हिस्सा लोखंडाचा आहे. उष्णतेनें अणूपासून इलेक्ट्रॉन कसे सुटतात, याचें सूत्र मेघनाद साहा यांनीं १९२० सालीं दिलें. तेथें हायड्रोजन व हेलियम आपले इलेक्ट्रॉन गमावून बसतात. लोखंडापाशीं मात्र कांहीं उरतात आणि तेच किरणांस अडवितात.

२००५ च्या सुमारास एक पेंच उत्पन्न झाला. सूर्यांत ऑक्सिजन, कार्बन इत्यादि द्रव्यें पूर्वीच्या समजुतीपेक्षां कमी आहेत, असें वर्णपटावरून दिसूं लागलें. तें प्रमाण गणितांत घालतांच, सूर्याच्या कंपनांवरून कळणारी त्याची अंतर्रचना गणिताशीं जुळेना. मग अपारदर्शकतेचे आंकडे तरी खरे आहेत काय?

हें तपासण्यासाठीं अमेरिकेंतील आल्बुकर्क येथील सँडिया प्रयोगशाळेंत जेम्स बेली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोग केले. तेथील 'झेड' यंत्र बारीक टंग्स्टन तारांतून सुमारें २ कोटी ६० लक्ष अँपिअर वीज सोडतें. तारांची वाफ होऊन ती चुंबकशक्तीनें मध्यभागीं दाबली जाते व क्ष-किरणांचा प्रचंड झोत निघतो. तोच झोत लोखंड व मॅग्नेशियम यांच्या अतिशय पातळ पत्र्यास तापवितो आणि त्यांतून पारही जातो. पार गेलेल्या किरणांच्या वर्णपटांत मॅग्नेशियमच्या रेषांवरून उष्णतामान व घनता कळते. लोखंडानें किती किरण गिळले, तेंही कळतें. हा सारा खेळ एका सेकंदाच्या अब्जांश भागांपैकीं थोडक्यांत आटोपतो.

२०१५ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. १९ ते २३ लक्ष अंशांवर लोखंडाची अपारदर्शकता, निरनिराळ्या तरंगलांबींस, गणितापेक्षां ३० ते ४०० टक्के अधिक भरली. ही वाढ हिशेबांत धरली तर सूर्याच्या कोड्याचा सुमारें अर्धा भाग सुटतो. परंतु २०१९ सालीं क्रोमियम व निकेल यांवर केलेल्या प्रयोगांत लोखंडासारखा फरक सर्वत्र आढळला नाहीं. कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर येथेंही लेसरच्या साहाय्यानें निराळ्या रीतीनें पडताळा पाहण्याचें काम हातीं घेण्यांत आलें.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं यांतून एवढें ध्यानांत ठेवावें कीं, सूर्यापर्यंत हात पोंचत नाहीं म्हणून मनुष्य स्वस्थ बसला नाहीं. आणि मिळालेलें उत्तर सोयीचें होतें म्हणून त्यानें पडताळाही सोडला नाहीं.